जरासं करपलेलं

"आई, काळे कुठे टाकलेस?" ठमीने ताटात डोकावून विचारलं.

"कुठले काळे?"

"भाजताना काळे होतात ना, ते!"

"ते गेले कचऱ्यात. तुझ्या वर्गातल्या पोरांना काय जळकं खायला घालू?"

ठमीने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. आत अकरा मार्शमेलो, साखरेचे ते मऊ फुगीर गोळे, एकमेकांना चिकटून पडले होते. तिने आईकडे असं पाहिलं, की जणू आईने घरातली मांजरच डब्यात टाकली होती.

आईचाही तसा इलाज नव्हता. बिस्किटांच्या कारखान्यात, भट्टीतून बाहेर येणाऱ्या पट्ट्याशी उभं राहून करपलेली बिस्किटं वेचून टाकायची, हे काम ती एकोणीस वर्षं करत होती. पट्टा पळत असे आणि तिची दोन बोटं त्याहून पळत असत. तिच्या नजरेतून करपलेली कड सुटली, असं कधी झालं नव्हतं, म्हणून कारखान्यात तिला नजरबाई म्हणत. आज गॅसच्या ज्योतीवर काट्याला टोचून मार्शमेलो भाजताना एखाद्यावर काळा ठिपका उठला, की तो डब्यात जायचा. आपण टाकतोय हे तिला कळतही नव्हतं.

बिस्किटावर चॉकलेटची वडी, तिच्यावर भाजलेला गरम मार्शमेलो आणि वरून आणखी एक बिस्किट दाबायचं, असा तो पदार्थ. ठमीने त्याचं नाव ठेवलं होतं चिकटू. शोध मात्र काकूचा, म्हणजे खालच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या जावेचा. तिने तो फोनवर पाहिला, एकदा करून बघितला आणि तेव्हापासून ठमीच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. काकूचे चिकटू, काकूची वेणी, काकूची गोष्ट. काकूपुराण ऐकून ऐकून नजरबाईचे कान किटले होते.

पोटात दुखत होतं, हे सरळच सांगायला हवं. नजरबाईची कायमची दुपारपाळी. ठमी शाळेतून यायची ती खाली काकूकडेच. कुठला दात हलतोय, हे आधी काकूला कळायचं. मैत्रिणीशी भांडण झालं तर रडायला काकूचीच मांडी. सुटी मिळाली नाही म्हणून मागल्या महिन्यात पालकसभेलाही धाकटीच जाऊन आली. बरं, बाई वाईट म्हणावी तर तेही नाही. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. पण ती सरळ, हसतमुख आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि याचाच नजरबाईला जास्त राग येत असे.

वर्गाच्या पार्टीला प्रत्येकाने घरी केलेलं काहीतरी आणायचं ठरलं, तेव्हा ठमीने कुणालाच न विचारता चिकटू नेणार म्हणून सांगून टाकलं. "चिकटू मी करणार," नजरबाई म्हणाली. नवरा सहज बोलून गेला, "अगं, धाकटीला करू दे की, तिचा हात बसलाय." झालं. दुसऱ्या दिवशी नजरबाईने रजेचा अर्ज टाकला.

आणि आता चौतीस चिकटू ताटात मांडलेले होते. सगळे एका मापाचे, आतला मार्शमेलो पांढराशुभ्र, कुठे डाग म्हणून नाही. ठमीने एक चाखला आणि अर्धा परत ठेवला.

"हे चिकटू नाहीच्चेत. काकू मुद्दाम जाळते," ती रडकुंडीला येऊन म्हणाली आणि धाडधाड जिना उतरून गेली.

पाच मिनिटांत काकूला घेऊनच वर आली. धाकटीने ताटाकडे पाहिलं, मग मोठ्या जावेकडे.

"किती सुबक झालेत, ताई."

"उगाच कौतुक नको. काय चुकलं ते सांग."

"चुकलं असं नाही. जरा करपू द्यायचे. पेटला तर पेटू दे, मग फुंकर मारायची. वरून कडवट झाला, की आतलं गोड बरं लागतं. थोडे मी करून देऊ का?"

"तू फक्त सांग. मी करते."

घरात पाकिटं भरपूर होती. पहिले तीन मार्शमेलो काळे व्हायच्या आत तिने ज्योतीवरून ओढून घेतले. हात ऐकेचना. चौथा तिने दात आवळून धरला. त्याला फोड आला, तो तपकिरी झाला आणि भप्पकन पेटला. कारखान्यात असं काही झालं असतं, तर तिने अख्खा पट्टा थांबवला असता. "फुंका!" धाकटी ओरडली. तिने फुंकलं. काळं, चुरचुरीत, वास सुटलेलं ते बोंड बिस्किटावर बसलं. ठमीने तिथेच उभ्याउभ्या मटकावलं.

"आई! अगदी काकूसारखं झालंय!"

नजरबाईला हसावं लागलं. उरलेले तेहतीस तिने तसेच जाळले.

निघताना धाकटी दारात घुटमळली. "ताई, मी पण येऊ का बरोबर? त्या शाळेतल्या बाईंना ना, त्या दिवशी..."

"पोरीची शाळा मला ठाऊक आहे," नजरबाई म्हणाली आणि डबा घेऊन जिना उतरली. रस्ताभर ठमी गप्प होती. एरवी टकळी थांबत नसे, पण नजरबाई इतकी खुशीत होती, की तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

वर्गात बाकं भिंतीला लावून मध्ये जागा केली होती. बाईंनी डबा उघडला, तशी पोरं भोवती गोळा झाली.

"अरे वा! हे कुणी केलं गं?"

"आईनं," ठमी हळूच म्हणाली.

नजरबाईचा ऊर भरून आला. हा एक शब्द ऐकायला तर तिने रजा टाकली होती.

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या. "सभेला आल्या होत्या तेव्हा सांगत होत्या ना, हिला रोज काहीतरी करून घालते म्हणून. किती माया आहे हो त्यांची! आज नाही का आल्या?" मग त्या नजरबाईकडे वळल्या. "आणि आपण?"

ठमीच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. तिने मान खाली घातली. शेजारी तिच्या दोन मैत्रिणी उभ्या होत्या. सभेच्या दिवशी बाईंनी धाकटीला आई समजून हाक मारली असणार, आणि पोरीने ती चूक सुधारली नव्हती. तेव्हा नाही, नंतरही नाही. सुधारावीशीच वाटली नसेल. नजरबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मीच आई, नऊ महिने मी पोटात वाढवली हिला, हे शब्द अगदी जिभेवर आले. ते बोलून ती मोकळी झाली असती. पण चारचौघांत पोरगी खोटी पडली असती.

"मी काकू," ती म्हणाली. "हिची काकू. वरच्या मजल्यावर राहते."

"बसा ना, काकू. आमच्याबरोबर खाऊन जा."

ती भिंतीलगतच्या बाकावर बसली. ते बाक लहान मुलांचं होतं, गुडघे पार हनुवटीशी आले. थोड्या वेळाने ठमी आली. हातातल्या कागदी बशीत एकच चिकटू होता, सगळ्यांत काळा. तिचे डोळे भरले होते. मैत्रिणी मागेच उभ्या होत्या.

"घे ना, काकू," ती म्हणाली.

नजरबाईने तो घेतला आणि सगळाच्या सगळा खाल्ला. बोटांना लागलेलं चॉकलेट रुमालाने पुसलं.

"छान झालाय हो," ती म्हणाली. "तुझ्या आईला सांग."