पाच दिवसांची शेज

दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की तुळजापूरची देवी दमून पलंगावर निजते, ती कोजागरीच्या पौर्णिमेलाच उठते. त्या दिवसांत नारायणरावांच्या घरात कुणी गादीवर झोपत नाही. जमिनीवर सतरंजी पसरायची आणि पाठ टेकायची. खिडकीपाशी टेबलावरचा कॉम्प्युटरही निजतो. त्याच्यावर हिरव्या खणाचं झाकण पडतं आणि पौर्णिमेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही.

ही अट सत्त्याऐंशी सालची. नारायणराव तेव्हा शाळेत कारकून होते आणि सोलापूरच्या एका माणसाकडून त्यांनी जुना घरगुती कॉम्प्युटर आणला होता. कॉम्प्युटर कसला, जाडजूड कीबोर्डच तो. पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. कॅसेट फिरली की किर्रर्र आवाज घरभर. वडील, म्हणजे अण्णा, देवीचे पुजारी. त्यांनी दोन दिवस तो आवाज ऐकला आणि म्हणाले, "ठेव तुझं डबडं, माझं काही म्हणणं न्हाय. पर देवी निजली की तेबी निजलं पायजे. कबूल?"

नारायणराव कबूल म्हणाले. कॉम्प्युटर घरात राहणार म्हटल्यावर त्यांनी काहीही कबूल केलं असतं.

पण गंमत अशी झाली की त्यांच्या आयुष्यातलं सगळं चांगलं काम त्या बंद दिवसांतच झालं. दुपारी ते वही-पेन्सिल घेऊन सतरंजीवर आडवे व्हायचे. ऑक्टोबरचं ऊन उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलेलं असायचं. मंदिरात देवी निजलेली, टेबलावर यंत्र निजलेलं, आणि अर्धवट डोळा लागता लागता त्यांना ओळी दिसायला लागायच्या. प्रोग्रॅमच्या ओळी, एकीखाली एक, चालत तुळजापूरला येणाऱ्या माणसांसारख्या शांतपणे येणाऱ्या. जाग आली की ते पेन्सिलीनं उतरवून घ्यायचे. अशा सदतीस वह्या भरल्या. नीलाबाई त्यांना 'निजून कमावलेली इस्टेट' म्हणत.

त्या वह्यांतूनच 'शेज' आला. लोडशेडिंगच्या काळात वीज धाडकन जायची आणि लिहिलेलं सगळं मातीमोल व्हायचं. 'शेज' हा छोटासा प्रोग्रॅम बॅटरीवर लक्ष ठेवायचा, वीज गेली की सगळं काम जपून ठेवायचा, यंत्राला हळूच निजवायचा आणि वीज आली की उठवायचा. नारायणरावांनी तो इंटरनेटवर मोकळा सोडला. कुणीही घ्या, उघडून बघा, दुरुस्त करा, पुढं द्या. एकट्या माणसाला सुचतं ते थोडंच असतं, यावर त्यांची श्रद्धा होती. फक्त एक गोष्ट त्यांनी स्वतःपाशी ठेवली. नवी आवृत्ती त्यांच्या मोहरेशिवाय कुठल्याही यंत्रात शिरायची नाही. मोहोर म्हणजे चौसष्ट अक्षरांची गुप्त ओळ. एक प्रत कॉम्प्युटरात, एक कागदावर, देवघरातल्या हळदीकुंकवाच्या डब्याखाली.

धाराशिव जिल्ह्यातल्याच वाशी गावात कॉम्प्युटर क्लास चालवणारी मोनिका सहा वर्षं त्यांच्यासोबत 'शेज'च्या चुका शोधत होती. तीन वर्षांपूर्वी तिनं सरळ विचारलं होतं, "काका, राग मानू नका, पर उद्या तुमाला काय झालं तर मोहोर कुणापाशी?"

"मला काय होतंय?" म्हणून त्यांनी विषय बदलला आणि पुढं आठवडाभर तिच्याशी तुटक बोलले. सगळं जगाला वाटून टाकणारा माणूस चौसष्ट अक्षरांवर असा कोंबडीसारखा बसला होता.

यंदा एकादशीला दुपारी ते आडवे झाले आणि मोबाइलवर मेल आली. अण्णांच्या अटीत मोबाइलचा उल्लेख नव्हता, तेव्हा ते बिनदिक्कत वाचायचे. कुठल्याशा दूरच्या डोंगराळ देशातल्या दवाखान्यातली एक नर्स लिहीत होती. तिथं लसींच्या फ्रिजचं तापमान एक जुना कॉम्प्युटर नोंदवतो, फ्रिज तापला की भोंगा वाजवतो. काल वीज गेली आणि आली. कॉम्प्युटर उठला आणि मिनिटभरात परत निजला. कितीही वेळा उठवला तरी निजतोच. 'मागच्या वर्षीही याच सुमारास असंच झालं होतं,' तिनं लिहिलं होतं. 'भोंगा वाजला नाही. लसी फेकून द्याव्या लागल्या. आता आम्ही दोघी आळीपाळीनं फ्रिजपाशी बसतो. वीज रोज जाते. काय करू?'

नारायणराव उठून बसले. याच सुमारास.

वीस वर्षांपूर्वी एकदा निद्रेच्या दिवसांत वीज आली आणि 'शेज'नं बिनचूक आपलं काम केलं, म्हणजे यंत्र उठवलं. अण्णांना खणाखालून हिरवा दिवा दिसला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. नारायणरावांनी मग पंचांगाचं गणित घालून आपल्या घरच्या प्रतीत एक ओळ जास्तीची लिहिली. देवी निजलेली असेल तर यंत्र उठलं तरी परत निजेल. पुढच्याच वर्षी अण्णा गेले. ओळ राहिली.

ती फक्त घरच्या प्रतीत असायची. जगाला द्यायची प्रत वेगळी. दीड वर्षापूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घाईनं नवी आवृत्ती सोडताना त्यांनी घरची प्रत उचलली आणि तिच्यावर मोहोर मारली. मागच्या वर्षी दोन-चार तक्रारी आल्याही होत्या. पण पौर्णिमेनंतर खण काढून त्यांनी तपासलं, तर सगळं ठाकठीक. 'इथं तर नीट चालतंय,' असं त्यांनी ऐटीत कळवून टाकलं होतं.

"नीला," त्यांनी हाक मारली. "माझ्या हातून लई वाईट झालं."

नीलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "काढा की मग खण. लेकरांच्या लसी हैत त्या. देवी काय रागवंल व्हय?"

नारायणराव टेबलापाशी गेले. खणाच्या काठाला हात लावला. देवी रागावणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांना अण्णांचं न जेवलेलं ताट दिसत होतं, आणि बोटं पुढं सरकेनात. अडतीस वर्षांत आपण वडिलांचा पाळलेला हा एकच शब्द, बाकी सगळे मोडले, हे त्यांना फार लख्ख आठवलं.

नीलाबाई देवघरात गेल्या, डब्याखालचा कागद काढला आणि त्यांच्यापुढं धरला. "खण काढवत नसंल तर वाशीला जावा. खण न्हायतर मोहोर, दोन्हीतलं एक तर हातातनं सुटलंच पायजे."

पुढची धाराशिवची एसटी त्यांनी पकडली आणि तिथून वाशीची. खिशात कागद होता आणि खिशावर हात. बस हलायला लागली तशी त्यांची मान कलली. डोळ्यांपुढून कापणीला आलेलं सोयाबीन जात होतं, आणि मधूनच ते सोयाबीन राहायचं नाही, त्याच्या ओळी व्हायच्या. त्या ओळींच्या बांधावर एक अनोळखी बाई फ्रिजपाशी स्टूल टाकून बसलेली. तिच्या शेजारी अण्णा, सोवळं नेसलेले, तापमान लिहून घेत होते. "किती झालं?" अण्णा विचारत होते, आणि नारायणरावांना सांगता येत नव्हतं. वाशीच्या अलीकडं तेरखेड्याला फटाक्यांच्या दुकानांपाशी बस थांबली, तेव्हा ते दचकून जागे झाले. हात खिशावरच होता.

मोनिकाचा क्लास वाशीच्या बाजारात, खताच्या दुकानावर. त्यांना दारात बघून ती उठलीच. "काका? फोन तरी करायचा!"

"हे फोनवर द्यायचं न्हाय," ते म्हणाले आणि खुर्चीत बसून त्यांनी सगळी चूक सांगितली. लपवलं काहीच नाही, मागच्या वर्षीचं ऐटीतलं उत्तरसुद्धा. मोनिकानं 'शेज'चा कोड पडद्यावर उघडला. पंचांगाच्या गणिताखाली ती ओळ होती. तिच्या शेजारी त्यांनीच लिहून ठेवलं होतं, 'अण्णांसाठी'.

मोनिकाचं बोट थांबलं. "पुसू?"

"पूस," नारायणराव म्हणाले.

ओळ गेली. तिनं दोनदा तपासलं. मग त्यांनी चष्मा लावला, कागद उलगडला आणि एकेक अक्षर वाचून दाखवायला लागले. चाळिसाव्या अक्षरानंतर ते थांबले. मोनिकानं पाण्याचा ग्लास पुढं केला. पाणी प्यायल्यावर त्यांनी उरलेली चोवीस वाचली. नवी आवृत्ती निघाली. आता जिथं जिथं यंत्र मिनिटभर जागं होईल, तिथं तिथं ती आपोआप जाऊन पोहोचणार होती.

दोघंही चहा समोर ठेवून मोबाइलकडं बघत बसले. तासाभरानं नर्सचं उत्तर आलं. 'उठला. परत निजला नाही. भोंगा वाजवून बघितला. माझी मैत्रीण घरी झोपायला गेली. मीही जाते.'

नारायणरावांनी ते तीनदा वाचलं. मग कागदाची घडी घालून मोनिकाच्या हातात ठेवली. "ही मोहोर आता तुझ्यापाशी. इचारलंस तवाच द्यायला पायजे होती. माझं मन झालं न्हाय."

मोनिकानं कागद घेतला. "काका, तुमच्या घरच्या यंत्रातलीबी ओळ आता जाणार. पौर्णिमेला सुरू केलं की नवी आवृत्ती येणार. मग पुढच्या साली?"

याचा विचार त्यांनी केलाच नव्हता. "आठवणीनं बंद करावं लागंल," ते सावकाश म्हणाले. "हातानं."

"आन् देवी उठणार कधी?"

"पौर्णिमेला."

मोनिकानं मोहरेचा कागद पर्समध्ये नीट ठेवला. मग तिनं आपला कॉम्प्युटर बंद केला, गळ्यातली ओढणी काढली आणि पडद्यावरून कीबोर्डपर्यंत नीट पांघरली. एक टोक घसरलं, ते तिनं परत वर घेतलं. दारात संध्याकाळच्या बॅचची पोरं येऊन उभी होती.

"आज वह्या काढा रे," ती त्यांना म्हणाली. "पौर्णिमेपर्यंत कागदावर."

नारायणराव शेवटच्या बाकावर सरकून बसले आणि शेजारच्या पोरीकडून त्यांनी एक पेन्सिल मागून घेतली.