प्रिंटरखालचा लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझा स्वभाव चांगला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. तुमच्या निबंधांत फाटकी छत्री बोलते, मोडकी खुर्ची बोलते, आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळी होते. मी अजून कोणाला क्षमा केलेली नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एका बाईने माझ्या पोटात पंखा बसवला आणि तो नीट फिरतो का ते कान लावून ऐकलं, एवढंच. पुढे मला बाबांनी घेतलं. बाबा टीव्ही दुरुस्त करायचे. आई नर्स, आणि तिची कायम संध्याकाळची पाळी, त्यामुळे तिला एकही मालिका धड बघायला मिळत नसे. बाबांनी माझ्या कुशीत अँटेनाची छोटी कांडी खुपसली आणि रोज संध्याकाळी मी आईच्या मालिका रेकॉर्ड करू लागलो. सकाळी ती चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसायची आणि कालच्या भागात सासूने काय दिवे लावले ते निवांत बघायची.

कधी चित्र अडखळायचं, कधी आवाज पुढे आणि ओठ मागे व्हायचे. बाबा चिडत नसत. चष्मा लावून पडद्यावर आलेली सूचना आधी मोठ्याने वाचायचे. मग बारीक ब्रशने माझ्या जाळीतली धूळ काढायचे आणि मागच्या पायांखाली लाकडाच्या दोन चकत्या सरकवायचे, म्हणजे पोटाखाली वारा खेळतो. "यंत्र सांगत असतं गं," ते आईला म्हणायचे, "आपण ऐकत नाही."

एकदा खुद्द बाबाच टीव्हीवर आले. जुने कारागीर दाखवणारा एक कार्यक्रम होता, त्यात त्यांना चार मिनिटं मिळाली. ती मी रेकॉर्ड केली. तो कार्यक्रम पुन्हा लागला नाही, आणि बाबा हलताना-बोलताना दिसतील असं या घरात दुसरं काहीच नाही.

मग बाबा गेले आणि थोरल्याचं राज्य आलं. थोरला म्हणजे त्यांचा मुलगा. ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, म्हणून घरात त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. पहिलं वर्ष आई दर रविवारी मला उघडून ती चार मिनिटं बघायची. मग थोरल्याने प्रिंटर आणला. त्याला ठेवायला सपाट जागा हवी होती. ती जागा म्हणजे मी. लाकडाच्या चकत्या कचरा म्हणून गेल्या. दोन वर्षं तो प्रिंटर माझ्या टाळक्यावर बसून थरथरला. तो जड होता, आईला उचलवत नसे, आणि मुलाला सांगायचा तिला संकोच वाटे. दोन वर्षांत तिने बाबांना पाहिलं नाही. माझ्या डोक्यावर प्रिंटर ठेवला ते एक वेळ सोडून देईन, पण हे कसं सोडू?

यंदा बाबांना जाऊन तीन वर्षं होत होती. त्यांचे चार जुने सोबती रविवारी दुपारी येणार होते आणि आईला त्यांना ती चार मिनिटं दाखवायची होती. थोरला म्हणाला, "त्या डबड्यावर कशाला? नवा लॅपटॉप आणलाय, त्यात सगळं कॉपी करतो. डबडं सोमवारी पुसून भंगारात देऊ." शनिवारी त्याने प्रिंटर उतरवून कॉपी केलं, प्रिंटर परत माझ्यावर चढवला आणि कॉपी एकदाही लावून बघितली नाही. मी मनात म्हटलं, ये बेट्या, आता तू आणि मी.

रविवारी मंडळी जमली. अँटेनाकाका, ज्यांनी अँटेना बसवत जन्मभर लोकांच्या गच्च्या पालथ्या घातल्या, ते सर्वांत पुढे बसले. थोरल्याने नवा लॅपटॉप वायरीने मोठ्या टीव्हीला जोडला आणि ऐटीत बटण दाबलं. पडदा काळाकुट्ट. एक सूचना आली, त्याने न वाचता 'ओके' केलं. पुन्हा लावलं, पुन्हा सूचना, पुन्हा 'ओके'. मग बंद करून चालू केलं. व्हिडिओ चालवायचं दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, मग तिसरं. चहा निवला. थोरल्याला घाम फुटला. प्रिंटरखाली माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"अरे, ते काय म्हणतंय ते वाच तरी," आई म्हणाली. तिने चष्मा लावला आणि बाबांसारखंच बोट ठेवून मोठ्याने वाचलं. त्यात लिहिलं होतं की हा कार्यक्रम ज्या यंत्रावर रेकॉर्ड झाला, त्याच यंत्रावर चालेल.

अँटेनाकाकांनी माझ्याकडे बघितलं.

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. थोरल्याने प्रिंटर उचलला, बाहीने माझी धूळ पुसली आणि मला दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं. मी सुरू व्हायला नऊ मिनिटं घेतली. चार पुरली असती. त्याने मला मोठ्या टीव्हीची वायर लावली, मी काळोख दाखवला; ते रेकॉर्डिंग माझ्या पडद्याबाहेर जात नाही.

"ती वायर काढ," आई म्हणाली. "ह्यांनी कधी वायर लावली नव्हती." वायर निघाली आणि माझ्या छोट्या पडद्यावर बाबा आले. सगळे खुर्च्या ओढून जवळ सरकले. पण दोनच वाक्यांत माझं पोट तापलं, पंखा घरघरला आणि बाबा एक डोळा मिटून गोठले. यात अर्धा दोष गरमीचा होता. अर्धा माझा. थोरल्याची फजिती मला आणखी थोडी हवी होती.

तेवढ्यात आईचा चेहरा दिसला. तिने पडद्यावरच्या त्या मिटलेल्या डोळ्यावर बोट ठेवलं होतं. तिच्याशी माझं काय वैर?

ती उठली. रंगाचा जुना ब्रश आणून तिने माझी जाळी साफ केली. मग पायांखाली द्यायला सपाट काही मिळतं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि नव्या लॅपटॉपचं झाकण मिटून तो माझ्या मागच्या पायांखाली सरकवला.

वारा लागला. बाबा बोलू लागले. कार्यक्रमातली मुलगी विचारत होती, "एवढी खटपट करण्यापेक्षा लोक नवा टीव्ही का नाही घेत?"

"घेतात की," बाबा हसून म्हणाले. "आमचा थोरलाही हेच म्हणतो. त्याला अजून टॉर्चमधले सेल सुलटे घालता येत नाहीत."

अँटेनाकाका हसता हसता खोकायला लागले. आई पदराने डोळे पुसत हसत होती. थोरल्याचे कान लाल झाले. तोही हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. तो टेबलापाशी जमिनीवरच बसला आणि हळूच म्हणाला, "परत लाव ना, आई."

त्या दुपारी ती चार मिनिटं सात वेळा लागली. सातही वेळा ते टॉर्चचं वाक्य आलं आणि मी ते एकदाही अडखळू दिलं नाही.

सोमवारी भंगारवाला आला नाही. थोरल्याने लाकडाच्या चकत्या घरभर शोधल्या आणि मग आईला विचारलं, "माझा लॅपटॉप काढून घेऊ का?" ती म्हणाली, "राहू दे. बरा बसलाय तो."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगून अशा गोष्टी संपतात. मी एवढंच सांगतो की आम्हाला फेकण्याआधी आमच्या पोटात कोण बसलंय ते बघा. आम्हाला सगळं आठवतं, आणि हवं तितक्या वेळा दाखवताही येतं.