पाहुण्यांदेखत

बड्या कंपनीचे पाहुणे वीटभट्टी बघायला येणार, म्हणून मुकादमाने मजुरांकडून घोकून घेतलं, "आम्ही राजीखुशीने राबतो, वाटेल तेव्हा घरी जातो." एरवी उचल फिटेपर्यंत फाटकाला कुलूप; आज मात्र ते लोकलाजेस्तव सताड उघडं.

पाहुणीने विटा थापणाऱ्या मावशीलाच विचारलं. मावशीची लेक पहिलटकरीण, दिवस भरलेली. रजा मागून मागून मावशीची जीभ झिजली होती.

"वाटेल तेव्हा जातो की, बाई," मावशी मधाळ हसली. "आता लेकीकडेच निघालेय. येते हं, दादा!"

"आत्ता?" मुकादमाची बोबडी वळली.

"राहू द्या, सोडायला नका येऊ. फार जीव हो तुमचा आमच्यावर!"

मातीचे हात झटकत ती फाटकाबाहेर पडली. पाहुण्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या, आणि मुकादमाला दात काढून हात हलवावा लागला.