परक्या हातचा टाका

माझ्या नवऱ्याने स्टिअरिंगला चामडं चढवायला गाडी दुसऱ्याच्या दुकानात नेली. हे मला कळलं तेही माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकाच्या तोंडून. सीट शिवायला आलेला टेम्पोवाला म्हणाला, "काय काकू, स्टिअरिंगचं काम बंद केलंत की काय? काल काका त्या चष्मेवाल्याकडे बसलेले दिसले."

"काकांना हवापालट हवा असेल," मी म्हटलं आणि त्याच्या सीटमध्ये सुई अशी खुपसली की तो दोन पावलं मागे सरकला.

सदतीस वर्षं मी चामडं शिवते आहे. शाळा चौथीच्या पुढे गेली नाही, पण चामडं टोचायची आरी हातात धरली ती आजतागायत सोडली नाही. आणि हा चष्मेवाला कोण? सात वर्षं माझ्याच दुकानात बसून दोऱ्याला मेण लावायला शिकलेला. एक दिवस मागच्या रस्त्यावर स्वतःची पाटी लावून मोकळा झाला. त्याच्या दारात माझा नवरा जाऊन बसतो. लोकांनी काय समजायचं?

हे शाळेची व्हॅन चालवतात. सकाळी चौदा मुलं सोडायची, दुपारी तीनला निघून परत आणायची. दुकान आमच्या घराच्या पुढच्याच खोलीत. अकराच्या सुमाराला घरी आले तेव्हा मी दारातच उभी होते.

"जुनं फाटलं होतं," हे म्हणाले.

"आणि मी मेले होते?"

"तुझ्याकडे कामं साठलीत. म्हटलं, कशाला तुला त्रास."

"सदतीस वर्षांत पहिल्यांदा सुचलं हो तुम्हाला."

हे हसले नाहीत. एरवी माझ्या टोमण्यावर गालातल्या गालात तरी हसतात. चप्पल काढून सरळ आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मला काही बसवेना. कात्री उचलली, ठेवली. सूनबाई पलीकडे टेबलावर सीटचे तुकडे कापत होती, तिला दोनदा विनाकारण बोलले. शेवटी अडीचच्या सुमाराला व्हॅनमध्ये जाऊन बसले. नवं काळं चामडं, टाका सरळ. शिकवलं कोणी, तर मी. अंगठा फिरवत गेले तशी उजव्या बाजूला बोट अडलं. डावीकडे चामडं अंगाला घट्ट बसलेलं आणि उजवीकडे आत फोम भरून मनगटाएवढं जाड केलेलं. असलं काम माझ्या हाताखालचा माणूस करणार नाही. मी तशीच चष्मेवाल्याकडे गेले.

"मावशी, बसा ना."

"बसायला आले नाही. एक बाजू सडपातळ, एक बाजू सुजलेली, हे कुठे शिकलास? माझ्याकडे तर नाही."

चष्मा काढून तो पुसत राहिला. "काकांनीच सांगितलं तसं करायला. उजवीकडे जाड कर म्हणाले."

"कशासाठी?"

"मी विचारलं नाही."

"तू? अरे, तू तर माझ्याकडे असताना गिऱ्हाइकाच्या सासरची चौकशी करायचास."

तो उठला, आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवलं. "जुनं चामडं. टाकून दे म्हणाले होते. मला टाकवलं नाही. तुम्हीच बघा."

आता हे सांगायला हवं की माणूस स्टिअरिंग कसं धरतो ते त्याच्या चामड्यावर उमटतं. एकजण अंगठीवाला आहे, त्याचं चामडं दर वेळी एकाच जागी चिरतं. एक बाई सिग्नलला थांबल्या की नखाने टाके उकरतात. नवरा-बायकोची एकच गाडी असली तर कोण जास्त चालवतं तेही मी सांगू शकते, पण सांगत नाही. भांडणं होतात.

हे चामडं मीच दीड वर्षापूर्वी चढवलं होतं. माझं चामडं चार वर्षं जातं. घड्याळात दहा वाजतात त्या जागी ते पार अस्तरापर्यंत झिजलं होतं. दोन वाजतात तिथे मात्र, जिथे उजवा हात असायला हवा तिथे, कातडीवरची बारीक रेघांची जाळी जशीच्या तशी. टाक्यांत धूळ बसलेली. कोणाचा हातच लागला नव्हता. आणि अगदी खाली, सहाच्या जागी, एक चकचकीत पट्टा, शिवणीत तपकिरी कापडाचे तंतू अडकलेले. यांची पँट तपकिरी.

उजवी मूठ वळत नाही, म्हणून तिथे आता जाड फोम. डाव्या हाताने गिअर टाकायचा तेवढ्यापुरतं गुडघ्याने स्टिअरिंग धरायचं. दीड वर्ष. मागे चौदा मुलं.

"तुला कळलं होतं?" मी विचारलं.

"चामडं उतरवलं तेव्हाच," तो म्हणाला. "पण मावशी, तुमच्या घरातलं. मी कोण बोलणारा?"

त्याला चार शब्द ऐकवणार होते, पण कुठल्या तोंडाने? घरात तर मी होते. हे डाव्या हाताने चमचा धरायला लागले तेव्हा मी म्हटलं होतं, म्हातारपणी नवी खोड. बटणांचे शर्ट सोडून टी-शर्ट घालायला लागले तेव्हा म्हटलं, तरुण व्हायचंय वाटतं. सगळे हसले होते. हेही हसले होते. परक्याचं चामडं वाचणारी मी, समोर बसून जेवणारा माणूस मला वाचता आला नाही.

भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते.

परत येताना मी धावले म्हटलं तरी चालेल. या वयात, या गुडघ्यांनी. कोपऱ्यावरून बघितलं तर हे व्हॅनमध्ये बसलेले. डावा हात पोटावरून आडवा नेऊन किल्ली फिरवत होते. उजवा मांडीवर, कोणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखा.

मी दुसरं दार उघडून शेजारी बसले.

"अगं, उशीर होतोय मला."

"हात द्या."

त्यांनी डावा पुढे केला.

"तो नको. दुसरा."

गाडी सुरूच होती. माझ्या मांडीवरचं वर्तमानपत्रातलं जुनं चामडं त्यांनी बघितलं, आणि मग डाव्या हाताने उजवा उचलून माझ्या ओंजळीत ठेवला. गार होता. "दाबा," मी म्हटलं. दाबत असावेत, चेहऱ्यावरून कळत होतं. मला दाब जाणवला नाही.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"आधी वाटलं, झोपेत अवघडला असेल." हे काचेबाहेर बघत होते. "मग वाटलं, दाखवला तर गाडी सोडा म्हणेल. गाडी सोडून मी काय करू? तुझ्यासमोर बसून दोरा ओवू? तो तरी ओवता येईल का?"

मी किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि दुकानाकडे तोंड करून हाक मारली. "सूनबाई, कात्री ठेव. शाळेत तू जा."

ती दारात आली. "मी?"

ती व्हॅन चालवायला शिकत होती तेव्हा मी महिनाभर तिला येता-जाता बोलले होते. आता गिळायचं होतं ते गिळलं. "लायसन्स आहे ना? मग नीट जा. तुझ्याइतकं सांभाळून आज या घरात कोणी चालवत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे.  हे उतरले, दार धरून उभे राहिले आणि ती बसल्यावर त्यांनीच ते लावलं. व्हॅन वळणाआड गेली तरी डावा हात तसाच हवेत होता.

"बोल," हे म्हणाले. "काय बोलायचं ते बोलून टाक."

"हात आपण उद्या दाखवू, जे निघेल ते निघेल," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या दुकानात गेलात, ते मी आयुष्यभर ऐकवीन, पण ते माफ. माझ्यापासून लपवलंत, तेही सोडलं, मला दिसायला हवं होतं. चौदा आयांनी रोज सकाळी पोरं तुमच्या हाती दिली आणि तुम्ही गुडघ्याने गाडी चालवलीत, हे माफ करायचा हक्क मला नाही. संध्याकाळी एकेका दारात जायचं. मी शेजारी उभी राहीन. सांगायचं मात्र तुम्ही, तुमच्या तोंडाने."