पलंगासमोरचा आकडा

वायरमनने बॅटरीचा आकडा दाखवणारा पडदा भिंतीवर दाबून धरला आणि शेवटचा स्क्रू आवळला. छोटा पडदा उजळला, पण आकडा येईना. नुसत्या चार रेघा.

शिंप्याला मनातून बरंच वाटलं. सौर पॅनेलचा कंट्रोलर गच्चीवरच्या खोलीत होता आणि बॅटरी किती उरली ते तिथेच दिसे. वीज गेली की शिलाई मशीन आणि बायकोचं ऑक्सिजनचं यंत्र दोन्ही त्याच बॅटरीवर चालत, म्हणून तो दिवसातून दहादा अडतीस पायऱ्या चढे. उतरताना जिन्यात क्षणभर थांबून चेहरा नीट करी आणि खोलीत शिरता शिरता सांगे, "भरलेली आहे." गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा लेकीने हा पडदा पाठवला. आईच्या पलंगासमोरच लावा, असं बजावलंही.

वायरमन चिवट होता. पडदा उतरवून त्याने वर नेला, हातभर नव्या केबलने थेट कंट्रोलरला जोडला. आकडा लगेच उमटला. म्हणजे खोट मधल्या केबलमध्ये. ती बोटांनी चाचपत तो पायरी पायरी खाली आला. खिडकीपाशी एक खिळा जरा जास्तच ठोकला गेला होता आणि आतली तार तुटली होती. आपलाच हात जड पडला, असं त्याने कबूल केलं.

तेवढ्यात शिंप्याने सुचवून पाहिलं की पडदा बाहेर शिलाई मशीनजवळ लावला तर केबलही वाचेल. वायरमनला ते पटत होतं, पण पलंगावरून बायको म्हणाली, "इथेच असू दे."

तुटका भाग कापून त्याने नवा प्लग बसवला आणि पडदा पुन्हा पलंगासमोर लावला. पडद्यावर चोपन्न टक्के आलं.

सकाळपासून वीज नव्हती आणि नुकतंच शिंपी "भरलेली आहे" म्हणून गेला होता. गळ्यातली टेप काढून तो गुंडाळू लागला.

"नवीन आहे, चुकत असेल."

"बरोबर आहे, काका," हत्यारं आवरताना वायरमन खाली बघतच म्हणाला.

"मला माहीत होतं," बायको म्हणाली. "बॅटरी उतरली की तुम्ही मशीन बंद करून हाताने शिवता. आवाज थांबला की इथे कळतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढा जिना उतरून हसत यायचात."

वायरमन गेला. दुपारी आभाळ दाटून आलं. वीज अजून आलीच नव्हती. बाहेर बसून कॉलर जोडणारा शिंपी सवयीने उठला, जिन्यापर्यंत गेला आणि परत फिरला.

"अहो," आतून हाक आली. "त्रेचाळीस."

तो थांबला.

"भीती वाटतेय मला. इथे येऊन बसा."

अडीच वर्षांच्या आजारपणात हे ती पहिल्यांदाच बोलली होती. त्याने स्टूल उचललं, अर्धा शिवलेला शर्ट खांद्यावर टाकला आणि तो आत गेला.