उचकीबाबाची हजेरी

धुलाईच्या दुकानाशेजारचा जिना त्या दिवशी तळापासून माथ्यापर्यंत माणसांनी भरला होता. पायरीपायरीवर एक खांदा आणि खांद्याखांद्यावर एक तान्हं बाळ. खालून इस्त्रीची वाफ वर जात होती, वरून माइकवरचा आवाज खाली येत होता आणि मधल्यामध्ये बाळं उचक्या देत होती. एकाची उचकी थांबली की जिनाभर कुजबुज उठे, आणि ज्यांच्या बाळांची चालू होती ते त्या भाग्यवंताकडे हेव्याने बघत.

“बाळाला उभं धरा! पाठीवरून हात फिरवा! इथे कुणी दूध पाजायचं नाही!” दाराशी उभा असलेला उचकीबाबाचा मेहुणा ओरडत होता. निम्मी बाळं या जिन्यातच बरी व्हायची. मग मेहुणा हात जोडून म्हणायचा, “बघितलंत? पायरीचा प्रताप! अजून बाबांचं तोंडही दिसलं नाही!” बरं झालेलं बाळ तरीही वर न्यावंच लागे, कारण दानपेटी वर होती.

थोरली सगळ्यात खालच्या पायरीवर उभी होती. तिच्या खांद्यावर बाळ नव्हतं. तिच्या दिराचं बाळ, अजून महिन्याचंही न झालेलं, बरंच वर सासूबाईंच्या खांद्यावर होतं, आणि थोरलीने त्याच्या जवळपास फिरकायचं नाही असा उचकीबाबाचा हुकूम होता. ही बाई शाळेत गणित शिकवायची, वर्गातल्या दांडगोबांना एका नजरेत खाली बसवायची, मुख्याध्यापकांशी हुज्जत घालायची. आणि घरात मात्र गेले काही दिवस दाराआडून बाळाकडे चोरासारखी बघत होती. याची तिला लाज वाटत होती आणि संतापही येत होता.

उचकीबाबा पूर्वी गाद्या विकायचा. तेव्हा लोकांना रात्री झोपवायचा, आता भरदिवसा झोपवत होता, एवढाच काय तो फरक. त्याचा सिद्धांत सोपा होता आणि तो माइकवरून सांगितल्यामुळे खोल वाटायचा.

“उचकी म्हणजे काय? आठवण! कुणीतरी आठवण काढतं म्हणून उचकी लागते. तुमच्या आजीला ठाऊक होतं, पणजीला ठाऊक होतं, फक्त डॉक्टरांना ठाऊक नाही! मोठ्या माणसाला आठवण पेलते, भक्तहो. पण तान्ह्या जिवाला? वाकडी आठवण त्याच्या छातीत काट्यासारखी रुतते!”

मग तो काटा काढायचा. जो बाळाला घेऊन आला असेल त्याने नातेवाइकांची एकेक करून नावं घ्यायची. प्रत्येक नावानंतर बाबा चमच्याने काचेच्या पेल्यावर टिंग् करायचा, डोळे मिटायचा, आणि सगळी खोली बाळाच्या छातीकडे बघत बसायची. उचकी आली की पुढचं नाव. ज्या नावानंतर आली नाही, ते माणूस वाकड्या आठवणीचं. बाळाला दात येईपर्यंत त्याची सावलीसुद्धा बाळावर पडू द्यायची नाही.

सासूबाईंनी पहिल्या खेपेला अशीच नावं घेतली होती. आत्या, टिंग्, हिक्. आत्याचे यजमान, टिंग्, हिक्. दूरगावचे चुलत आजोबा, ज्यांना बाळ झाल्याचं अजून कळवायचं राहिलं होतं, त्यांचंही नाव घेऊन झालं. मग “थोरली काकू” म्हटलं, टिंग्, आणि बाळ शांत.

बाबाने एक डोळा उघडला. “हिला मूलबाळ?”

“नाही हो.”

“मग आणखी काय सांगू?” बाबा म्हणाला, आणि त्याने खरोखरच आणखी काही सांगितलं नाही. तेवढ्यावर त्याचं भागलं. बाकीचं सासूबाईंनी मनातल्या मनात पुरं केलं.

गंमत अशी की त्याआधी घरात एक पद्धत छान बसली होती. धाकटी जाऊ, बाळाची आई, त्याला पाजायची, आणि पाजून झालं की थोरली त्याला खांद्यावर घेऊन ढेकर येईपर्यंत घरभर फिरायची. तेवढ्यात धाकटीची पाठ जरा टेकायची. हुकूम आला आणि घरातला तो खांदाच गेला. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, त्या फिरणार किती? मग बाळ रडून लालबुंद होईपर्यंत त्याला थोपटत बसायचं, मग ते अधाशासारखं दूध प्यायचं, दुधाबरोबर हवाही गिळायचं, आणि पोट भरलं रे भरलं की लगेच आडवं. उचक्या कमी व्हायच्या तर दुपटीने वाढल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यावर दुसरं काय होणार?

धाकटी बाळाला तपासणीला घेऊन गेली तेव्हा तिने सासूबाईंची नजर चुकवून थोरलीलाही नेलं. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई तोंडाने फटकळ होत्या.

“उचकी ना? लागू दे की,” त्या बाळाचं पोट चाचपत म्हणाल्या. “छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा पडदा असतो. तान्ह्यांचा पडदा चटकन आचके देतो. हवा गिळली, पोट तटतटलं की जास्तच. अहो, पोटात होता तेव्हासुद्धा देत होता. आतून ठकठक लागायची की नाही?”

“लागायची!” धाकटीचे डोळे विस्फारले. “तासन्‌तास काय चाललंय म्हणून मी घाबरायची.”

“तेव्हा कोण आठवण काढत होतं याची? नाव तरी ठेवलं होतं का?”

“मग करायचं काय?” थोरलीने विचारलं.

“फार भुकेजायच्या आत पाजा. मध्ये थांबून एकदा ढेकर काढा. पाजून झाल्यावर थोडा वेळ खांद्यावर उभा धरा. एवढं करूनही लागलीच, तर आपोआप थांबेल. पाणी, काढे, असलं काही द्यायचं नाही, आणि मध तर वर्षाच्या आत बोटभरही नाही. दचकवायचंही नाही. फार ओकायला लागला, दूध घेईना, श्वासाला त्रास होतोय असं वाटलं, तर सरळ माझ्याकडे या. बाबाकडे नको.”

धाकटीने घरी येऊन हे सगळं सासूबाईंना सांगितलं. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणीच.

“डॉक्टरीण फी घेते, ती बोलणारच,” सासूबाई म्हणाल्या. दानपेटीची त्यांना त्या वेळी आठवण झाली नाही. “आणि एवढं करून उचकी थांबत नाही म्हणजे आणखी कुणीतरी आहे. बाबा म्हणालेत, उद्या पुन्हा या. तुझ्या माहेरची नावं राहिलीत.”

धाकटीचा चेहरा उतरला. तिची आई चारच दिवसांनी बाळाला बघायला येणार होती. ती तडक स्वयंपाकघरात थोरलीकडे गेली.

“ताई, उद्या तुम्ही पण चला.”

“मी? माझी सावली पडेल ना बाळावर.”

“सावलीला ठेवा घरी. तुम्ही चला.”

तर अशी थोरली जिन्यात उभी होती. रांग सरकत सरकत वरच्या खोलीत पोचली तोवर बाळ भुकेने किंचाळायला लागलं. धाकटीने मेहुण्याचा नियम धाब्यावर बसवला, भिंतीशी बसून त्याला पाजलं आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. ठेवल्या ठेवल्या हिक्.

“या आजीबाई, या,” बाबा माइकमध्ये विरघळला. “काटा खोल आहे बरं का. आज कुणाकुणाची नावं घेताय?”

सासूबाई तोंड उघडणार तोच धाकटी म्हणाली, “नावं मी घेणार. मी आई आहे त्याची.”

बाबाला हे फारसं रुचलं नाही, पण माइक चालू होता आणि खोली भरलेली होती. “आईचा अधिकार मोठा,” तो म्हणाला.

“बाबा, एक शंका.” थोरली दारातूनच बोलली. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, त्याला माइक कशाला लागतोय! “इथे नावं घेतात ती जे आले नाहीत त्यांचीच का? जो बाळ घेऊन येतो त्याचं नाव कुणी घेतच नाही. आमच्या वर्गात हजेरी सगळ्यांची घेतात.”

पाचसहा जण हसले. बाबाही हसला. “बाई, जो इथवर बाळाला घेऊन येतो, त्याची आठवण वाकडी कशी असेल?”

“मग नाव घ्यायला भीती कसली? हातच्या काकणाला आरसा कशाला?”

“घ्या, घ्या! सत्याला भीती नाही!” बाबा म्हणाला. गाद्या विकतानाही तो असंच छातीठोक बोलायचा.

धाकटीने सुरुवात केली. “मामा.” टिंग्. हिक्.

“माझी आई.” टिंग्. खोली थांबली. थोरलीनेही श्वास रोखून धरला, आणि आपण गणिताच्या बाई असून श्वास रोखून धरलाय हे लक्षात येताच तिला स्वतःचाच राग आला. हिक्! दोघी जावांनी एकदमच सुस्कारा सोडला.

“थोरली काकू.” टिंग्. हिक्.

“अगं बाई,” मागून कुणीतरी म्हणालं, “गेल्या वेळी याच नावाला थांबली होती ना? मी होते तेव्हा.”

बाबाने न ऐकल्यासारखं केलं. धाकटीने सासूबाईंकडे बघितलं आणि ती स्पष्ट म्हणाली, “बाळाची आजी. त्याला इथे घेऊन आलेली.”

टिंग्.

बाळाने जांभई दिली. सगळे वाट बघत राहिले. बाबाने, काही राहिलं असेल तर म्हणून, पेल्यावर आणखी एकदा वाजवलं. उचकी नाही. बाळाने डोळे मिटले आणि ते झोपून गेलं.

सासूबाईंशेजारी बसलेल्या बाईने आपल्या मुलीला उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं. फार नाही, वीतभरच. पण सासूबाईंनी ते बघितलं.

“मी?” त्या म्हणाल्या. “माझा नातू आहे हा. मी वाईट चिंतीन त्याचं?”

“मग ताई कशाला चिंततील, आई?” धाकटीने विचारलं.

सासूबाईंनी बाबाकडे बघितलं. बाबाला उत्तर ताबडतोब सुचलं. “छे छे! आजीबाईंची आठवण प्रेमाची! प्रेमाच्या आठवणीनेही उचकी थांबते, भक्तहो!”

“अस्सं?” थोरली आता दारातून आत आली. “मग माझी वाकडी होती हे कशावरून ठरलं?”

बाबाने पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं. तेवढ्यात पोरीला वीतभर दूर घेणारी ती शेजारीण उठून उभी राहिली. “माझ्या पोरीची चालू आहे अजून,” ती म्हणाली. “हिच्यापायी मी नणंदेला दारातून परत पाठवलंय. रडत गेली हो ती. घ्या बाई, हिच्यावर घ्या नावं!”

“कुणाची घेऊ?”

“कुणाचीही घ्या!”

थोरलीने बाबासमोरचा रिकामा पेला आणि चमचा उचलला. “छताचा पंखा.” टिंग्. हिक्. “खालची इस्त्री.” हिक्. “दानपेटी.” हिक्. इथे मेहुणा दोन पावलं पुढे आला आणि लोकांचे चेहरे बघून मागे गेला. थोरली थांबत थांबत नावं घेत होती, दोऱ्या झाल्या, चिमटे झाले, जिन्याचा कठडा झाला. “दुकानातली बादली.” टिंग्.

पोर गप्प. मग एक आजोबा मोठ्याने म्हणाले, “ऐका हो! पोरीला दात येईपर्यंत बादलीची सावली पडू देऊ नका!”

हसण्याचा असा लोंढा फुटला की खालचा इस्त्रीवाला वर बघायला आला. बाबा गादीवरून ताडकन उठला. “हा काय पोरखेळ लावलाय! अहो, उचकी काय, कधीतरी थांबायचीच! थांबली तेव्हा जे नाव चालू असेल ते नाव...”

माइक चालूच होता. वाक्य जिन्यातल्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचलं. बाबाच्या हे जरा उशिरा लक्षात आलं.

“...ते गुन्हेगार,” थोरलीने वाक्य पुरं केलं. “कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि हे गृहस्थ कावळ्याला शिक्षा करतात.” मग तिने जमलेल्यांकडे तोंड केलं. “नावं घेत बसलं तर वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात उचकी थांबते. नावं न घेतासुद्धा थांबते. जिन्यात थांबते ती पायरीमुळे नाही. तिथे तुम्ही बाळाला उभं धरता, पाठीवरून हात फिरवता, अन् दुधाला जरा विसावा देता. हे घरीही करता येतं. आणि केलं नाही तरी उचकीने बाळाला काही होत नाही. जे काही होतं ते तुमच्या घराचं होतं. कुणाची नणंद तुटते, कुणाची आई. आठवण काढणं हा गुन्हा असेल तर बाळावर माया करणारं प्रत्येक माणूस गुन्हेगारच की. जरा डोकं वापरा!”

काही जण लगेच उठले. शेजारीण तर पोरीला घेऊन जवळजवळ धावतच गेली, नणंदेकडेच गेली असावी. काही जण मात्र बसून राहिले, आणि एक गृहस्थ जाता जाता पेटीत पैसे टाकून गेले, न जाणो म्हणून. उचकी आपोआप थांबते, हे ‘न जाणो’ काही आपोआप थांबत नाही.

जिना उतरून तिघी रस्त्यावर आल्या, आणि सासूबाईंच्या खांद्यावर बाळ जागं झालं. हिक्.

सासूबाईंचे ओठ सवयीने हलले. एखादं नाव ओठांवर आलंही असेल, पण त्यांनी ते गिळलं. थोरलीकडे न बघता त्यांनी बाळ पुढे केलं. “घे बाई. तुझ्याच खांद्यावर राहतो तो नीट.”

थोरलीला ते बाळ हिसकावून छातीशी धरावंसं वाटलं. इतके दिवस दुसरं काही वाटतच नव्हतं. पण तिने हात पुढे केले नाहीत.

“घेते. पण आधी ऐका, आई. माझ्या खांद्यावर उचकी थांबली तर तो माझा गुण नाही, आणि उद्या पुन्हा लागली तर तो माझा दोष नाही. कबूल?”

सासूबाईंनी बाळाकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं, आणि शेवटी थोरलीच्या डोळ्यांत बघितलं. “कबूल,” त्या म्हणाल्या.

थोरलीने बाळाला खांद्यावर घेतलं. घरी पोचेपर्यंत ते उचक्या देत होतं, आणि त्या थांबण्याची कुणालाच घाई नव्हती.