शिंप्याच्या खडूची गॅसलाइन

गल्लीत सांडपाण्याचा नवा पाइप पडायचा होता. त्याचा चर आपल्याच दुकानापुढून जाणार हे कळल्यापासून शिंपीबुवांची सुई कापड सोडून बोटात शिरत होती. त्याच दुपारी अख्खं बँडपथक नवे गणवेश घालून बघायला येणार होतं. पथकाचा म्होरक्या तोंडाचा फटकळ. "आज अंगात बसले तर ठीक, नाहीतर गठ्ठा उचलून दुसऱ्याकडे देतो," असं बजावून गेलेला. आता दारात खड्डा असला, तर ढोलवाल्याचं पोट आत यायचं कसं?

सकाळी एक बाई यंत्र घेऊन गल्लीभर फिरून गेल्या होत्या. जमिनीखाली काय पुरलंय ते हुडकायचं आणि वर फरशीवर खडूनं आखून ठेवायचं, हे त्यांचं काम. निळी रेघ पाण्याची, लाल विजेची, पिवळी गॅसची. समोर मेहुण्याच्या चपलांच्या दुकानापुढे निळी आणि लाल, दोन्ही रेघा होत्या. बुवांच्या दारापुढे एकही नव्हती.

"रेघ नाही तिकडून खोदायचं मशीन," चर खणणाऱ्यांचा मुकादम म्हणाला.

मेहुणा दारात उभा राहून हसला. "भावजी, तुमचं दार अगदी स्वच्छ. नशीबवान आहात!"

मेहुणा हसला की बुवांचं पित्त खवळायचं. कामगार जेवायला गेले, तसे बुवा खाली पडलेलं बटण शोधायच्या मिषानं फरशीवर टेकले. कापड आखायचा पिवळा खडू खिशात होताच. दारापुढे त्यांनी अशी रेघ ओढली की बघत राहावं. आणि हाताची खोड जाते कुठे? शिलाईची दोन बोटं जागा सोडून शेजारी एक तुटक रेघही मारून टाकली.

मुकादम परतला आणि थबकला. "अरे, इथं गॅस? सकाळी दिसली नाही ती."

"पिवळं उन्हात कुठं पटकन दिसतं?" बुवा सुईच्या नेढ्यात बघत म्हणाले.

"ए, मशीन बंद!"

बुवांना मनात गुदगुल्या झाल्या. पण पुढचं वाक्य आलं, "फावडी आणा. पहार नको, कुदळ नको. हळूहळू."

"फावडी कशाला?" बुवा दचकले. "रेघ असली की लांबून जायचं ना?"

"लांबून कुठून, काका? तिकडं दोन लाइनी, इथं एक. मशीन लावायच्या आधी लाइन हातानं उकरून डोळ्यांनी बघायची."

"आणि नाहीच सापडली तर?"

"रेघ आहे म्हणजे लाइन आहे. सापडेपर्यंत उकरायचं."

नसलेली लाइन सापडणार कशी? खड्डा खोल झाला, मग रुंद झाला. एका कामगाराचं लक्ष खड्ड्याबाहेर उरलेल्या तुटक रेघेकडे गेलं. "मुकादम, ही दुसरी लाइन दिसतेय."

"मग तिथंही उकरा!"

एवढ्यात बँडपथक येऊन ठेपलं. ढोलवाल्यानं खड्ड्यात डोकावून विचारलं, "गणवेश घालायला यात उतरायचं का?" म्होरक्यानं फोन काढला. दुसऱ्या शिंप्याचा नंबर शोधत असणार. आणि तेवढ्यात फावडं खणकन बुवांच्या पायरीवर आपटलं.

"थांबा!" बुवा ओरडले. "तिथं काही नाही. ती रेघ... ती माझी आहे."

कर्णेवाल्यानं तेवढ्यात एक रडवेला "पॉं" काढला.

बाईंना बोलावणं गेलं. त्यांनी वाकून उरलेल्या रेघेचा खडू बोटावर घेतला. "ही तुटक कशासाठी?"

"शिलाईची जागा," बुवा पुटपुटले.

मुकादमाला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. "काका, एक रेघ खोटी निघाली की उद्या हे लोक खरीलाही खोटी समजतील. समोरच्या लाल रेघेवर कुणी पहार घातली असती तर?"

बुवांनी खड्ड्यातल्या माणसाकडे पाहिलं. तो बाहीनं घाम पुसत होता. "चुकलो," बुवा म्हणाले ते त्याला.

बाईंना आता सगळी गल्ली पुन्हा तपासणं आलं. तोवर कुणी फावडंही लावायचं नाही. "रेघ न ओढता गप्प बसला असतात," मुकादम म्हणाला, "तर एव्हाना तुमच्या दारापुढचं काम उरकून, वर फळी टाकून पुढं गेलो असतो आम्ही."

"गणवेश कुठं घालायचे ते बोला," म्होरक्या गुरगुरला. "नाहीतर द्या गठ्ठा."

जागा एकच होती. बुवांनी गठ्ठा खड्ड्यावरून पलीकडे दिला आणि मान खाली घालून मेहुण्याची पायरी चढले.

"या, या! दुकान तुमचंच," मेहुणा म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता, हेच बुवांना जास्त लागलं.

चपलांच्या दुकानातले आरसे जमिनीला टेकलेले, जेमतेम गुडघ्यापर्यंतचे. कोट कसे बसलेत ते बुवा सांगतील तेच खरं. आरशात दिसत होत्या फक्त विजारी. विजारी मात्र झकास उतरल्या होत्या, म्होरक्याचंही तोंड बंद झालं. पण विजारीच्या खाली प्रत्येकाचे जुने, टाचा झिजलेले जोडे होते. ढोलवाला कितीतरी वेळ आरशाकडे बघत राहिला.

"या विजारीखाली हे जोडे?" तो म्हणाला, तशा बाकीच्यांच्याही माना खाली वळल्या.

गणवेश पसंत पडले. बँडपथक कोरे जोडे करकरवत गेलं, तेव्हा मेहुण्याची फडताळं रिकामी झाली होती आणि बुवा सुया गोळा करत होते.

"भावजी," मेहुणा रिकामी खोकी रचत म्हणाला, "असं काही पुन्हा मनात आलं तर आदल्या दिवशी कळवा. मोठ्या मापाचे जोडे कमी पडले हो!"